देवळालीपासून 'रिझ'पर्यंत

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि रेन-मार्टिनच्या व्याकरणावर ज्यांचे इंग्रजी पोसले, त्या पिढीची सध्या मोठी पंचाईत झाली आहे. इंग्रजी येत नाही असे म्हणवत नाही. आयुष्यभर इंग्रजीतून अर्ज लिहिले, अहवाल लिहिले, साहेबांच्या मेमोंना उत्तरे दिली. आणि आता घरातले चौदा वर्षांचे पोर जेवता जेवता इंग्रजीत एक वाक्य बोलते, तेव्हा त्यातला एकूण एक शब्द ओळखीचा असतो आणि वाक्याचा अर्थ मात्र लागत नाही. कॅप म्हणजे टोपी, टी म्हणजे चहा, गोट म्हणजे बकरी, सॉल्टी म्हणजे खारट, कुक्ड म्हणजे शिजलेले. हे सारे आपल्याला पाचवीपासून येते. पण 'नो कॅप' म्हणताना मुलाच्या मनात टोपी नसते, 'स्पिल द टी' म्हणताना चहा सांडत नाही आणि आवडत्या क्रिकेटपटूला 'गोट' म्हणणारा मुलगा त्याची निंदा करत नसतो.

अशा वेळी घरात दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. 'भाषेचं पार वाटोळं केलं या पोरांनी' ही एक. 'असेल त्यांचं काहीतरी' असे म्हणत आमटीचे पातेले पुढे सरकवणे ही दुसरी. मला दोन्ही पटत नाहीत. पहिली पटत नाही, कारण भाषेचे हे वाटोळे किमान तीनशे वर्षे अखंड चालू आहे आणि इंग्रजी त्यावर चांगली धष्टपुष्ट झाली आहे. दुसरी पटत नाही, कारण या 'काहीतरी'त मुलांच्या मनातले असे काही कधीकधी दडलेले असते, की ते वेळेवर कळले नाही तर घराचे नुकसान होते.

'स्लँग' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ग्राम्य म्हणावे, तर ती शहरातच अधिक पिकते. अपभाषा म्हणावे, तर तिच्यावरचा गुन्हा आधीच शाबीत केल्यासारखे होते. खुद्द 'स्लँग' हा शब्द इंग्रजीत अठराव्या शतकाच्या मध्यास छापील मजकुरात दिसू लागला. तो आला कुठून, हे कोशकारांना आजही ठामपणे सांगता येत नाही. मी पस्तीसहून अधिक वर्षे बँकेत काढली. आमच्याकडे अशा रकमांसाठी एक खाते असे. पैसे आलेत खरे, पण कोणाचे आणि कशापोटी ते समजत नाही, अशी रक्कम 'सस्पेन्स'ला टाकायची. भाषेच्या खतावणीतही असे एक सस्पेन्स खाते आहे आणि स्लँगमधले पुष्कळ शब्द तिथे वर्षानुवर्षे पडून आहेत.

भाषा बिघडल्याची तक्रार किती जुनी आहे, ते पाहा. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टने १७१० साली 'टॅटलर' या नियतकालिकात एक पत्र लिहून त्या वेळच्या तरुणांच्या बोलण्यावर कोरडे ओढले होते. लांब शब्दांची शेपटे तोडायची आणि उरलेला तुकडा वापरायचा, ही त्यांची खोड त्याला असह्य होत होती. त्याच्या नावडत्या शब्दांतला एक होता 'मॉब'. चंचल जमाव या अर्थाच्या 'मोबिले व्हल्गस' या लॅटिन शब्दजोडीचा तो तुकडा. स्विफ्टने आपल्या परीने तो रोखायचा प्रयत्न केला. आज न्यायालयाच्या निकालपत्रातही 'मॉब' असतो आणि त्यावर कोणाची भुवई उंचावत नाही. पुढे १७८५ साली फ्रान्सिस ग्रोस या गृहस्थाने लंडनचे गुत्ते, बाजार आणि बराकी यांतले शब्द गोळा करून त्यांचा कोशच काढला. एरिक पार्ट्रिजचा १९३७ सालचा कोश आणि जोनाथन ग्रीनचा २०१० साली निघालेला तीन खंडांचा कोश हे त्याचेच वारसदार. ज्या शब्दांना सभ्य घरात प्रवेश नव्हता, त्यांच्यावर माणसांनी आयुष्ये घालवली आहेत.

या उनाड शब्दांतला सर्वांत यशस्वी शब्द म्हणजे 'ओके'. १८३० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरे वापरण्याची टूम निघाली होती. 'ऑल करेक्ट'चे स्पेलिंग गमतीने 'ओ' आणि 'के'ने करायचे आणि मग नुसते 'ओ. के.' म्हणायचे. २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये हा विनोद छापून आला. असले विनोद आठ-पंधरा दिवसांत मरतात. हाही मेला असता. पण पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक आली. उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन हे किंडरहुक गावचे, म्हणून त्यांच्या समर्थकांनी 'ओल्ड किंडरहुक' या नावाची आद्याक्षरे घेऊन 'ओके क्लब' काढले. व्हॅन ब्युरेन निवडणूक हरले, 'ओके' मात्र जगभर निवडून आला. आपल्याकडच्या ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज'च्या मधोमध तो ऐटीत बसलेला असतो. ही सगळी कुळकथा ॲलन वॉकर रीड या अमेरिकन अभ्यासकाने १९६० नंतरच्या काही वर्षांत जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगांतून शोधून काढली. तोवर हा शब्दही सस्पेन्स खात्यातच होता.

इंग्रजी स्लँगच्या इतिहासातले एक पान तर आपल्या नाशिक जिल्ह्यात लिहिले गेले. वेडसर, डोक्यावर परिणाम झालेला या अर्थी इंग्लंडमध्ये 'डूलाली' असा शब्द आजही वापरतात. ही डूलाली म्हणजे आपली देवळाली. हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी परतण्यापूर्वी देवळालीच्या छावणीत येऊन थांबत. सैन्य नेणारी जहाजे ठरावीक हंगामातच सुटत. ज्याची मुदत अवेळी संपली, त्याला महिनोन् महिने तिथे बसून राहावे लागे. काम नाही, ऊन रणरणते, घर दिसू लागलेले आणि जहाजाचा पत्ता नाही. माणसे भ्रमिष्टासारखी वागू लागत. त्या अवस्थेला सैनिक 'डूलाली टॅप' म्हणत. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे ताप उतरला आणि नुसती डूलाली उरली.

या सैनिकांनी इथून आणखीही शब्द नेले. 'देखो'चा 'डेको' झाला. 'हॅव अ डेको' म्हणजे जरा नजर टाक. 'खुशी'तून 'कुशी' आला. आरामाच्या नोकरीला आजही 'कुशी जॉब' म्हणतात. 'विलायती'चे 'ब्लायटी' झाले आणि त्याचा अर्थ झाला मायदेश, इंग्लंड. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत या शब्दाला एक विलक्षण अर्थ आला. जीव जाणार नाही, पण घरी पाठवावेच लागेल, एवढीच गंभीर जखम झाली, तर सैनिक तिला 'ब्लायटी' म्हणत. अशी जखम व्हावी म्हणून विशीतली मुले मनातल्या मनात प्रार्थना करत. 'मला मरणाची भीती वाटते' हे बराकीत बोलायची सोय नव्हती. 'एखादी ब्लायटी मिळाली तर बरं' हे हसत हसत बोलता येई. स्लँग हे मोठे काम करते. जे सरळ बोलता येत नाही, ते वाकडे करून बोलू देते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याची गरज लागणार आहे.

मी बँकवाला असल्याने पैशांच्या टोपणनावांकडे माझे विशेष लक्ष असते. पौंडाला 'क्विड', हजाराला 'ग्रँड', पंचवीस पौंडांना 'पोनी' आणि पाचशे पौंडांना 'मंकी' म्हणतात. हिंदुस्थानात पंचवीस रुपयांच्या नोटेवर तट्टू आणि पाचशेच्या नोटेवर माकड छापलेले असे, ते पाहून गोरे शिपाई हे शब्द घेऊन गेले, अशी एक कथा मोठ्या खात्रीने सांगितली जाते. कथा छान आहे, पण ही नोट काउंटरवर आली तर मी परत करीन. हिंदुस्थान सरकारच्या नोटा सुरू झाल्या त्या १८६१ च्या कायद्याने. पहिल्या नोटांवर चित्र होते व्हिक्टोरिया राणीचे. 'पोनी' आणि 'मंकी' हे शब्द तर लंडनच्या जुगाऱ्यांच्या आणि शर्यतवाल्यांच्या तोंडी त्याच्या कितीतरी आधीपासून होते. तेव्हा माकडाला तूर्त सस्पेन्समध्येच राहू द्यावे. अमेरिकन 'ग्रीनबॅक'चा हिशेब मात्र चोख लागतो. यादवी युद्धाच्या वेळी १८६१ पासून निघालेल्या नोटांची मागची बाजू हिरवी होती, म्हणून ते नाव पडले.

पैशाला टोपणनावे का लागतात? चारचौघांत आकडा उच्चारायचा नसतो म्हणून. मुंबईत लाखाची 'पेटी' आणि कोटीचा 'खोका' होतो तो याचसाठी. 'खोके' आणि 'ओके' यांचे यमक जुळवणारी घोषणा २०२२ साली विधान भवनाच्या पायऱ्यांवर घुमली होती. तिच्या राजकारणात मला शिरायचे नाही. पण बॉस्टनचा १८३९ सालचा विनोद आणि मुंबईच्या गल्लीतला आकडा एका ओळीत भेटले, याची भाषेच्या अभ्यासकाने नोंद घ्यायला हरकत नाही.

गुप्तता हा स्लँगचा जुना धंदा आहे. पूर्व लंडनच्या कॉकनी लोकांनी तर त्यासाठी यमकांचे यंत्रच तयार केले. जिन्याला 'स्टेअर्स' न म्हणता त्याच्याशी जुळणारे 'ॲपल्स अँड पेअर्स' म्हणायचे आणि पुढे यमकाचा भागच गाळून नुसते 'ॲपल्स' म्हणायचे. ऐकणाऱ्या परक्याला जिना आणि सफरचंद यांचा संबंध जन्मात लागत नाही. 'हेड'साठी 'लोफ ऑफ ब्रेड', म्हणून 'यूज युअर लोफ' म्हणजे डोके चालव. 'करी'साठी रुबी मरे या गायिकेचे नाव, म्हणून 'रुबी' खायला जाणे म्हणजे हिंदुस्थानी जेवायला जाणे. आपल्याला यात नवल वाटू नये. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवणारे व्यापारी आपल्याकडे होतेच. आणि लहानपणी मोठ्यांना कळू नये म्हणून 'च'ची भाषा कोण बोलले नाही? जी मुले आज 'नो कॅप' म्हणतात, त्यांच्या आजीनेच अंगणात शेजारच्या मैत्रिणीशी ती भाषा घडाघडा बोललेली असते.

आता थोडे आजच्या शब्दांकडे वळू. 'नो कॅप' म्हणजे 'थाप नाही, आईशप्पथ'. 'बेट' म्हणजे 'ठरलं, चालेल'. 'सस' म्हणजे संशयास्पद. आपल्या भाषेत, इथे कुठेतरी पाणी मुरतेय. 'स्पिल द टी' म्हणजे आतली बातमी सांग. 'शेड' म्हणजे टोमणा, आणि तो उंची असेल तर शालजोडीतला. 'सॉल्टी' म्हणजे ज्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आहेत असा. 'फ्लेक्स' करणे म्हणजे मिरवणे. 'कुक्ड' म्हणजे वाट लागलेला. 'डेलुलू' हे 'डिल्यूजनल'चे लाडके रूप. मनातले मांडे खाणारी व्यक्ती. 'स्ले' म्हणजे मैदान मारलेस. 'सिक' आणि 'विकेड' यांचा अर्थ चक्क 'झकास' असा होतो. पण 'भयंकर सुंदर' आणि 'भयानक आवडलं' असे म्हणणाऱ्या मराठी माणसाने याबद्दल इंग्रजीला बोल लावू नये. 'घोस्ट करणे' म्हणजे रोज बोलणाऱ्याने एके दिवशी काही न सांगता भुतासारखे अदृश्य होणे. 'गॅसलायटिंग' म्हणजे समोरच्याला त्याच्याच डोळ्यांवर आणि बुद्धीवर संशय यावा असे पद्धतशीर वागणे. १९३८ सालच्या 'गॅस लाइट' या नाटकात नवरा बायकोला असेच वेडी ठरवू पाहतो, त्यावरून तो शब्द आला. आणि 'रिझ' म्हणजे समोरच्यावर छाप पाडण्याची हातोटी. 'करिझ्मा'चे दोन्ही टोकांचे तुकडे उडवून मधला ठेवलेला. स्विफ्ट असता तर त्याने पुन्हा पत्र लिहिले असते.

यातले बरेच शब्द आपल्या मुलांना इन्स्टाग्रामवर मिळाले, पण त्यांची टांकसाळ तिथली नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाने ते पाडले. 'कूल' हा शब्द आजच्या अर्थाने रुळवला तो जाझ वादकांनी. 'स्ले' आणि 'शेड' न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिन समलिंगी व पारलिंगी तरुणांच्या 'बॉल' स्पर्धांतून आले. घरातून हाकललेली ही मुले तिथे एकत्र येऊन नटत, मिरवत, एकमेकांना टोमणे मारत. त्यांचे ते जग १९९० सालच्या 'पॅरिस इज बर्निंग' या माहितीपटात पाहायला मिळते. 'वोक' म्हणजे मुळात 'सावध राहा, जागे राहा'. अलाबामामध्ये खोट्या आरोपाखाली पकडल्या गेलेल्या नऊ कृष्णवर्णीय मुलांवरच्या गाण्याचे १९३८ साली ध्वनिमुद्रण करताना लेडबेली या गायकाने आपल्या बांधवांना हाच इशारा दिला होता. १९६२ साली विल्यम मेल्विन केली या लेखकाने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहून दाखवले, की आमचे शब्द गोरे लोक उचलतात, आणि ते त्यांच्या तोंडी आले की आम्ही ते सोडून देतो. आज तोच 'वोक' राजकारणात शिवीसारखा वापरला जातो. ज्यांनी जीव वाचवण्यासाठी शब्द घडवला, त्यांच्याच हेटाळणीसाठी तो फिरवला गेला.

'सस'चीही अशीच एक करुण बाजू आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत 'अमंग अस' या खेळाने तो जगभरच्या मुलांच्या तोंडी बसवला. पण इंग्लंडमध्ये 'सस लॉ' नावाची एक तरतूद होती. १८२४ च्या भटकेपणाविरोधी कायद्याच्या आधारे पोलीस नुसत्या संशयावरून कोणालाही पकडू शकत. १९७० नंतरच्या दशकात लंडनच्या रस्त्यांवरच्या कृष्णवर्णीय तरुणांवर तिचा सढळ वापर झाला. १९८१ साली ती रद्द झाली. आज दहा वर्षांचे पोर हसत हसत मित्राला 'सस' म्हणते, तेव्हा त्या शब्दाच्या पाठीवरचे वळ त्याला ठाऊक नसतात. असायलाच हवेत असे नाही. पण घरात ते एकाला तरी ठाऊक असावेत.

जुन्या आणि आजच्या स्लँगमध्ये एक फरक मात्र आहे. तो आहे वेगाचा. देवळालीचा शब्द बोटीने गेला. त्याला इंग्लंडात रुळायला पिढी लागली. 'सेल्फी' हा शब्द २००२ साली ऑस्ट्रेलियात इंटरनेटवर उमटला आणि ऑक्सफर्डचा वर्षाचा शब्द झाला २०१३ साली. म्हणजे अकरा वर्षे. 'रिझ'ने तो मान २०२३ मध्ये, निघाल्यापासून दोन-तीन वर्षांतच मिळवला. २०२४ चा मान मिळाला 'ब्रेन रॉट' या शब्दाला, म्हणजे मोबाइलवरचा निःसत्त्व मजकूर सतत पाहून मेंदूला येणारा सडका शेवाळलेपणा. हा शब्द वापरल्याची पहिली नोंद थोरोच्या १८५४ सालच्या 'वॉल्डन'मधली आहे. आणि २०२५ साली 'डिक्शनरी डॉट कॉम'ने निवडलेला शब्द तर शब्दच नाही. 'सिक्स-सेव्हन' असा नुसता आकडा आहे. एका रॅप गाण्यातून तो उचलला गेला आणि अमेरिकेतल्या शाळांतून त्याने शिक्षकांना जेरीस आणले. त्याचा अर्थ काय? काही नाही. मोठ्यांनी अर्थ विचारत बसावे आणि आपण हसावे, एवढाच त्याचा उपयोग.

पिढ्यांमधल्या या दरीत मोठमोठी माणसे पडली आहेत. इंग्लंडचे तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आपल्या संदेशांखाली 'एलओएल' लिहीत. 'लॉट्स ऑफ लव्ह', म्हणजे 'सप्रेम', असा त्याचा अर्थ ते धरून चालले होते. तो 'मोठ्याने हसतो आहे' असा असल्याचे आपण त्यांना सांगितले, अशी साक्ष वृत्तपत्र संपादक रिबेका ब्रुक्स यांनी २०१२ साली एका चौकशी आयोगापुढे दिली. २०२३ साली कॅनडाच्या सॅस्कॅचवान प्रांतात त्याहून महाग प्रकरण घडले. धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचे छायाचित्र मोबाइलवर पाठवले. त्याने उत्तरादाखल उंचावलेल्या अंगठ्याचे चिन्ह धाडले. 'मिळाले' एवढेच मला म्हणायचे होते, असे तो कोर्टात म्हणाला. कोर्टाने अंगठ्याला सही मानले आणि त्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरायला लावले. आमच्याकडे काउंटरवर अंगठा घेताना साक्षीदार लागे. इथे तोही लागला नाही.

आपल्या घरातही असे बारीकसारीक घोटाळे रोज होतात. आजोबा शुद्धलेखनाच्या शिस्तीने 'ठीक आहे' लिहून पुढे पूर्णविराम देतात आणि नातवाला वाटते, आजोबा रागावले. हा त्याचा हट्ट नाही. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली तपासून पाहिले, तेव्हा एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असेल, तर तरुणांना ते उत्तर कमी मनापासून दिलेले वाटते, असे आढळले. आपल्या पिढीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगून टाकतो. 'ओ माय गॉड'चे 'ओएमजी' हे कोणा शाळकरी पोराचे पाप नाही. त्याची पहिली ज्ञात नोंद लॉर्ड फिशर या ब्रिटिश ॲडमिरलने १९१७ साली विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात आहे. त्या वेळी ॲडमिरलसाहेबांचे वय होते शहात्तर.

इथवर गंमत झाली. आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या मुद्द्याकडे येतो. 'आय ॲम डेड' असे मुलीने मैत्रिणीला लिहिले, तर घाबरायचे कारण नाही. हसून हसून मेले, एवढाच त्याचा अर्थ. पण 'अनअलाइव्ह' हा शब्द दिसला, तर मात्र थांबून पाहायला हवे. 'जिवंत नसलेला करणे' अशी ही ओबडधोबड घडण मुद्दाम केलेली आहे. मृत्यू, आत्महत्या असे शब्द असलेला मजकूर समाजमाध्यमे मागे टाकतात किंवा काढून टाकतात, असे दिसल्यावर लोकांनी पहारेकऱ्याला चुकवण्यासाठी हा शब्द काढला. टिकटॉकवर आपल्याकडे २०२० पासून बंदी आहे. पण शब्दांना व्हिसा लागत नाही, ते दुसऱ्या दारांनी आले. पुष्कळदा मुले तो थट्टेतही वापरतात. कधी मात्र ती थट्टा नसते. खंदकातला पोरगा मरणाची भीती 'ब्लायटी'त गुंडाळून बोलत होता, तसेच हे आहे.

२०२५ च्या मार्चमध्ये आलेली 'ॲडोलसन्स' ही ब्रिटिश मालिका अनेकांनी पाहिली असेल. तेरा वर्षांच्या मुलावर शाळेतल्या मुलीच्या खुनाचा आरोप आहे. तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला त्यांच्यातले संदेश मैत्रीचे वाटतात. त्याच शाळेत शिकणारा त्याचा मुलगा वडिलांना बाजूला घेऊन सांगतो, की ही चिन्हे लाडाची नाहीत, ती मुलगी त्याची टिंगल करत होती. पुरावा डोळ्यांसमोर होता. वाचता येत नव्हता. कथा काल्पनिक आहे, पण ती पाहताना कितीतरी आईबापांनी आपल्या मुलाच्या खोलीच्या बंद दाराकडे एकदा पाहिले असेल.

मग करायचे काय? मुलांचे मोबाइल चोरून वाचावेत, असे मी म्हणणार नाही. तसे केले की मुले शब्द बदलतात. पहारा वाढला की परवलीचा शब्द बदलतो, हा स्लँगचा पहिला नियम आहे. त्यांचे शब्द आपण वापरावेत, असेही नाही. साठीतल्या माणसाने नातवंडांपुढे 'स्ले' म्हटले की तो शब्द त्यांच्या दृष्टीने त्याच क्षणी चलनातून बाद होतो. केली यांनी १९६२ साली सांगितलेले इथेही लागू पडते. आपण फक्त विचारावे. परीक्षकासारखे नाही, खरोखर जाणून घ्यायचे म्हणून.

माझी नात आठवीत आहे. 'कॅप'चा अर्थ मी तिच्याचकडून शिकलो.

"कॅप म्हणजे थाप, आबा," ती म्हणाली.

"मग थापच का नाही म्हणत?"

"थाप म्हटलं की बाई रागावल्यासारखं वाटतं. कॅप म्हटलं की मैत्रीण विचारतेय असं वाटतं."

कोशात न सापडणारा अर्थ तिने दोन वाक्यांत सांगितला. मग मी तिला देवळालीची गोष्ट सांगितली. ती तिने दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितली. मग आठवडाभराने एका संध्याकाळी ती स्वतःहून म्हणाली, "आबा, आमच्या वर्गातल्या एकीला सगळ्यांनी मिळून घोस्ट केलंय. ती डबा एकटीच खाते." हे वाक्य तिने माझ्याजवळ बोलावे, म्हणून आधीचे सगळे शब्द शिकलो, असे मला वाटले. आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. दुसऱ्या दिवशी डबा कोणाबरोबर खायचा, ते तिचे तिनेच ठरवले.

मुलाच्या बोलण्यात जडपणा आला, तो अबोल झाला, 'अनअलाइव्ह'सारखे शब्द वारंवार येऊ लागले, तर अर्थ विचारण्यापलीकडे जावे लागते. भारत सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. पण त्या टप्प्याच्या फार आधी घरात रोजची देवाणघेवाण चालू असावी लागते. ज्या खात्यात वर्षभर व्यवहार नाही, ते अडीअडचणीला कामाला येत नाही, हे मी उभ्या नोकरीत पाहिले आहे.

आज रविवार आहे. दुपारी सगळे एकत्र जेवायला बसतील. तेव्हा त्यांच्याकडून एक शब्द मागून घ्यावा आणि बदल्यात आपल्याकडचा एक द्यावा. 'सस'च्या बदल्यात 'पाणी मुरतंय', 'शेड'च्या बदल्यात 'शालजोडीतला', 'डेलुलू'च्या बदल्यात 'मनातले मांडे'. मुलांना हे शब्द आवडतात, असा माझा अनुभव आहे. कोणी सांगावे, पुढच्या महिन्यात तुमच्याच घरातून कोणाच्या तरी मोबाइलवर 'इथे पाणी मुरतंय' असा संदेश जाईल आणि पलीकडचा विचारील, "म्हणजे काय रे?"